क्लचची तबकडी : रचना, झीज आणि बदल

मोटारीच्या इंजिनाची वाखाणणी सर्वजण करतात आणि चाकांची झीज सर्वांच्या नजरेस पडते. या दोहोंच्या मध्ये, लोखंडी कवचाच्या अंधारात, जेवणाच्या ताटाहून लहान अशी एक तबकडी असते. तिची आठवण मात्र गाडी भर चढणीवर अडली म्हणजेच होते. ही तबकडी ज्या योजनेचा गाभा आहे, त्या योजनेस क्लच असे म्हणतात. घर्षण, तरफ आणि दंतचक्रे यांचे धडे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. त्या तिन्ही धड्यांचे एकत्र दर्शन घ्यावयाचे असेल, तर क्लचसारखे दुसरे उदाहरण घराजवळ सापडणे कठीण.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा व साहित्य हा असला, तरी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत घरच्या जुन्या मारुती 800 गाडीचा क्लच घराच्या पडवीत बदलण्यात आला आणि त्या कामात हात काळे करण्याची संधी मिळाली. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले व पडताळले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे क्रमाने ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. 1983 साली रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले; तथापि गोवा, बेळगाव व कोकण या भागांत अनेक घरांपुढे ती अजून उभी दिसते. तिची रचना साधी असल्यामुळे शिकणाऱ्यास ती सोयीची आहे.

क्लच कशासाठी?

प्रथम एक छोटे गणित करू. पेट्रोलचे इंजिन अगदी सावकाश फिरू शकत नाही. मिनिटास सुमारे 900 फेऱ्यांहून फार खाली त्याचा वेग गेला, तर ते गचके देऊन बंद पडते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या 15 फेऱ्यांमागे चाकाची 1 फेरी होते असे धरू. म्हणजे इंजिन 900 फेरे घेत असता चाक मिनिटास 60 फेरे घेईल. चाकाची त्रिज्या 25 सेंटिमीटर धरली, तर त्याचा परीघ सुमारे 1.57 मीटर होतो. 60 फेऱ्यांत गाडी सुमारे 94 मीटर जाईल. म्हणजे तासास साडेपाच किलोमीटरांहून किंचित अधिक. हा झाला माणसाच्या भरभर चालण्याचा वेग.

आता प्रश्न असा की, गाडी तर शून्य वेगाने उभी आहे आणि इंजिन यापेक्षा कमी वेग द्यावयास तयार नाही. मग शून्य आणि साडेपाच यांच्यामधले अंतर भरून कोण काढणार? दोघांस एकदम जखडले, तर एक तर गाडी उडी घेईल अथवा इंजिन बंद पडेल. हे अंतर क्लच भरून काढतो. तो काही क्षण घसरू देतो आणि घसरता घसरता दोघांचा वेग एक करतो. गिअर बदलताना इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडणे, हे त्याचे दुसरे काम होय.

ही गरज मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांच्या 1886 सालच्या तीनचाकी मोटारीत चामड्याचा पट्टा मोकळ्या कप्पीवरून घट्ट कप्पीवर सरकवून गाडी चालू करीत असत. पट्ट्यावर चालणारी जुनी भाताची किंवा पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती चटकन उमगेल.

रचना

इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकास फ्लायव्हील नावाचे जड चक्र बसविलेले असते. त्याचा बाहेरचा चेहरा आरशासारखा सपाट असतो. या चेहऱ्याला टेकून क्लचची तबकडी, म्हणजे क्लच प्लेट, उभी राहते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षण करणाऱ्या पट्ट्या रिव्हेटांनी ठोकलेल्या असतात आणि मध्यभागी खाचांचे भोक असते. गिअरबॉक्समधून आलेल्या दांड्यावर तशाच खाचा असतात. त्यामुळे तबकडी त्या दांड्याबरोबर फिरते, परंतु त्यावर मागेपुढे सरकूही शकते. मधल्या भागात लहान लहान स्प्रिंगा दिसतात, त्या धक्का सोसण्यासाठी असतात.

तबकडीच्या पाठीमागे प्रेशर प्लेट येते. तिचे आवरण फ्लायव्हीलला बोल्टांनी पक्के केलेले असते. तिच्यातील पोलादी, बशीसारखी उभार असलेली स्प्रिंग तबकडीस फ्लायव्हीलवर सतत दाबून धरते. दोन तळहातांमध्ये वही घट्ट दाबून धरली की हात फिरतील तशी वही फिरते. हे तसेच आहे. चालकाने पायाखालचे पेडल दाबले की तार ओढली जाते, तार एका तरफेस हलविते, तरफ रिलीज बेअरिंगला पुढे ढकलते आणि ते बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्यांवर दाब देते. स्प्रिंग उलटी झुकते, दाब सुटतो व तबकडी मोकळी होते. म्हणजे पाय पेडलावर नसताना जोड पक्का असतो आणि पाय ठेवल्यावर तो सुटतो. हा उलटा संबंध ध्यानात ठेवावा. पुढील झिजेचे रहस्य त्यातच आहे.

दुखणे कसे ओळखावे?

गिअरबॉक्स उतरविणे हे मोठे काम असल्याने निदान पक्के केल्यावाचून पान्याला हात लावू नये. क्लचची दुखणी मुख्यतः दोन. पहिले, घसरणे. सपाट व मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये वेग वाढविण्यासाठी पेडल दाबले असता इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. चढणीवर करपल्यासारखा वास येतो. दुसरे, न सुटणे. क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडताना दात खरखरतात, विशेषतः मागे जाण्याच्या गिअरमध्ये.

या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा केवळ तारेच्या मापात असते. तार फार ताणलेली असेल, तर रिलीज बेअरिंग सदोदित पाकळ्यांवर टेकून राहते व चांगला क्लचही घसरतो. तार फार ढिली असेल किंवा तिचे धागे तुटत आले असतील, तर क्लच पुरता सुटत नाही. म्हणून प्रथम तार पाहावी व पेडलाची मोकळी चाल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे करावी. त्यानेही घसरणे थांबले नाही, तरच तबकडी झिजली असे समजावे.

आमच्या दमट हवेत आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. पावसाळाभर गाडी एके जागी उभी राहिली, तर फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर गंज चढून तबकडी त्यास चिकटून बसते. अशा वेळी पेडल दाबले तरी गिअर पडत नाही. तबकडी झिजली नसूनही क्लच गेला, असा समज होतो.

पूर्वतयारी

या कामात सर्वात मोठा धोका गाडीच्या वजनाचा आहे. मारुती 800 ही लहान गाडी म्हणतात, तरी तिचे वजन सुमारे साडेसहाशे किलो भरते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो. पेलण्यासाठी पोलादी घोड्याच लागतात. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे सहज सापडतात आणि गाडीखाली चार चिरे रचण्याचा मोह होतो. हा मोह जिवावर बेतणारा आहे. भिंतीत सर्व बाजूंनी सारखा दाब येतो तेव्हा चिरा उत्तम काम देतो. परंतु लोखंडाच्या अरुंद कडेखाली सारा भार एका ठिकाणी आला की तो काहीही सूचना न देता फुटतो. विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे यांनाही हेच लागू आहे.

म्हणून जमीन कठीण व सपाट असावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात, हातब्रेक ओढावा, पुढचा भाग उचलून पुस्तिकेत दाखविलेल्या भक्कम जागी घोड्या लावाव्यात आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने जोराने हलवून पाहावी. उभी असताना जी डगमगली, ती आपण खाली असताना कोसळली असती. घरात दुसरे प्रौढ माणूस हाकेच्या अंतरावर असावे. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या माणसाच्या हाताखालीच करावे. पाने देणे, बोल्ट मोजणे व उजेड धरणे यांतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सुटे भाग आधी आणून ठेवावेत. तबकडी, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलावीत. तिथपर्यंत पोहोचण्यास सारा दिवस लागतो. केवळ तबकडी बदलली व दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागले, तर तोच दिवस पुन्हा खर्ची पडेल.

उकलणी

सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार काढावी, कारण पुढे स्टार्टर काढताना पाना चुकून जिवंत टोकास लागला तर ठिणगी उडते. त्यानंतर गिअरबॉक्समधील तेल स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. क्लचची तार, वेगदर्शकाची तार, मागील दिव्याच्या खटक्याची वायर, गिअर बदलण्याचे दांडे व स्टार्टर क्रमाने सोडवावेत. या गाडीत इंजिन आडवे असून शक्ती पुढच्या चाकांना जाते. त्यामुळे दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची आतली टोके गिअरबॉक्समधून बाहेर घ्यावी लागतात, आणि त्यासाठी चाकाखालील भुजेचा सांधा सुटा करून चाकाचा भाग बाहेर ओढावा लागतो.

आमच्या मदतीस शेजारचे एक निवृत्त फिटर आले होते. लहानथोर सर्वजण त्यांना काका म्हणतात. पहिला बोल्ट निघताच ते म्हणाले, "मास्तर, एक पुठ्ठा आणा आणि त्यावर गिअरबॉक्सचे चित्र काढा." चित्र ओबडधोबडच निघाले. परंतु काकांनी प्रत्येक बोल्टाच्या जागी भोक पाडून तो बोल्ट तेथेच खोचावयास लावला. कारण विचारता ते म्हणाले, "सगळे सारखे दिसतात, पण लांबी वेगळी. लांब बोल्ट आखूड जागी गेला, तर घर फुटते. आखूड बोल्ट लांब जागी गेला, तर आटे धरीत नाहीत." संध्याकाळी जुळणी करताना त्या पुठ्ठ्याचे मोल कळले. एकही बोल्ट शोधावा लागला नाही, एकही उरला नाही.

गिअरबॉक्स सोडविण्यापूर्वी इंजिनास आधार द्यावा लागतो, कारण गिअरबॉक्सकडील आधार निघाला की इंजिन त्या बाजूस कलते. इंजिनाखाली लाकडाचा रुंद ठोकळा व त्याखाली दुसरा जॅक ठेवावा. मग गिअरबॉक्सखालीही जॅक देऊन उरलेले बोल्ट काढावेत व तो सरळ रेषेत, न झुकविता, इंजिनापासून दूर सरकवावा. तो छातीवर पेलण्याचे धाडस करू नये. तसेच दांडा तबकडीच्या भोकात अडकलेला असताना गिअरबॉक्सचे वजन त्यावर लोंबकळू देऊ नये. तसे झाल्यास तबकडीचा मध्यभाग वाकतो.

आता प्रेशर प्लेट समोर येते. तिचे बोल्ट एकदम पूर्ण काढू नयेत. आतील स्प्रिंग दाबलेली असते. म्हणून प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, समोरासमोरच्या क्रमाने, ढिला करीत जावे. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने मुळीच उडवू नये. जुन्या काळच्या घर्षण-पट्ट्यांत अ‍ॅसबेस्टॉस वापरीत असत व त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसास अपाय करतात. आपली तबकडी कोणत्या जातीची आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधून ओल्या फडक्याने धूळ टिपावी व ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

झिजलेली तबकडी काय सांगते?

साहित्याच्या अभ्यासकास या टप्प्यावर फार आनंद होतो, कारण येथे वाचन सुरू होते. काढलेली तबकडी सरळ अडगळीत टाकू नये. पट्ट्या रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत सारख्या झिजल्या असतील, तर तिने आपले आयुष्य पुरे केले असे समजावे. रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर गोल ओरखडे काढले असतील, तर बदल करण्यास उशीर झाला. पट्ट्या काचेसारख्या चकचकीत आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील, तर ती खूप तापली होती. म्हणजे चालकाने तिला पुष्कळ घसरविले. पट्ट्यांवर तेल दिसले, तर दोष तबकडीचा नाहीच. इंजिनाचे अथवा गिअरबॉक्सचे तेल अडविणारी चकती गळत आहे. ती न बदलता नवी तबकडी बसविणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे होय. मधल्या स्प्रिंगा सैल होऊन खुळखुळत असतील, तर गाडीला धक्के देत सोडण्याची सवय असावी.

फ्लायव्हीलचा चेहराही तपासावा. त्यावर केसासारख्या भेगा किंवा खोल चरे असतील, तर ते यंत्रशाळेत नेऊन तासून घ्यावे अथवा बदलावे. त्याच्या मध्यभागी बसलेले लहान बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे. खरखरले तर तेही बदलावे.

आमच्या तबकडीवर दोन खुणा सापडल्या : चकाकी आणि निळे डाग. तेलाचा थेंबही नव्हता. काकांनी ती हातात फिरवून पाहिली व एवढेच विचारले, "ही गाडी घाटातून फार जाते का?" गाडी दर पंधरवड्यास चोर्ल्याच्या घाटाने बेळगावास जात असे.

जुळणी

नवी तबकडी धरताना पट्ट्यांना तेलकट बोट लागू देऊ नये. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांवरील संरक्षक तेल ब्रेक धुण्याच्या द्रावणाने पुसून काढावे. बंद जागेत पेट्रोल वापरू नये. तबकडीस दोन अंगे असतात. स्प्रिंगांचा उंच भाग गिअरबॉक्सकडे येतो. ती उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही व सारे काम पुन्हा करावे लागेल.

यानंतर येते ते मध्य साधण्याचे काम. तबकडी अगदी मध्यावर बसली नाही, तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकात शिरत नाही. त्यासाठी योग्य जाडीचा ठोकळेवजा दांडा मिळतो. तो तबकडीतून फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात घालून, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. शेवटची आवळणी पुस्तिकेतील मापाप्रमाणे, माप दाखविणाऱ्या पान्याने करावी. दांड्याच्या खाचांस ग्रीसचा पातळ हात पुरे; अधिक लावले तर ते उडून पट्ट्यांवर जाते.

गिअरबॉक्स चढविताना तो शेवटचे दोन बोटे अंतर अडून बसला, तर बोल्ट आवळून त्यास ओढून घेऊ नये. जोर लावण्याऐवजी तो किंचित हलवावा, दांडा थोडा फिरवावा; खाचा जुळल्या की तो आपण होऊन आत सरकतो. मग उलट क्रमाने सारे जोडावे, गिअरबॉक्समध्ये तेल आठवणीने भरावे व तारेची मोकळी चाल पुन्हा साधावी. इंजिन सुरू करून, क्लच दाबून, मागचा गिअर न खरखरता पडतो की नाही हे पाहावे आणि पहिले काही दिवस गाडी सपाट रस्त्यावर, संयमाने चालवावी.

झीज होते कोठे?

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. गाडीचे माणसांसह वजन 850 किलो धरा व चढण दहास एक धरा. गाडीस मागे ओढणारे बल सुमारे 830 न्यूटन होते. चाकाची त्रिज्या पाव मीटर. म्हणजे चाकाशी परिबल सुमारे 210 न्यूटन-मीटर. पंधरापट घट लक्षात घेता क्लचवर 14 न्यूटन-मीटर येतात. घाटात वाहनांची रांग अडली, चालकाने ब्रेक न लावता अर्धा क्लच धरून गाडी जागीच तोलली आणि इंजिन मिनिटास 1200 फेरे घेत राहिले, तर कोनीय वेग सेकंदास सुमारे 126 रेडियन होतो. 14 गुणिले 126 म्हणजे सुमारे 1760 वॉट. गाडी एक तसूही हललेली नाही; म्हणजे ही सारी शक्ती त्या लहानशा तबकडीत उष्णता होऊन मुरत आहे. घरातल्या दोन विजेच्या इस्त्र्या एकदम तिच्यावर ठेवल्यासारखेच हे झाले. पाच मिनिटे असे केल्यास निळे डाग का पडणार नाहीत?

यावरून चालकासाठी तीन साधे नियम निघतात. चढणीवर थांबावयाचे असेल, तर गाडी हातब्रेकवर धरावी. क्लचवर धरू नये. चालत्या गाडीत डावा पाय पेडलावरून काढून बाजूस ठेवावा. नुसत्या पावलाच्या भारानेही बेअरिंग पाकळ्यांवर घासत राहते. आणि सिग्नलापाशी दीर्घकाळ थांबताना गिअर मोकळा करून क्लच सोडून द्यावा. हे नियम पाळणाऱ्याची तबकडी वर्षानुवर्षे टिकते. न पाळणाऱ्याची एका पावसाळ्यात जाते. जे काम करण्यास तिघांचा एक दिवस लागतो, ते टाळण्यास चालकाची एक सवय पुरते.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. विजेची मोटार शून्य वेगापासूनच जोर देऊ शकत असल्यामुळे त्यांस अशा क्लचची गरज पडत नाही. मग हे शिकावे कशाला, असे एखादा विद्यार्थी विचारील. त्यास उत्तर हे की, घर्षणाचा नियम गाडी बदलल्याने बदलत नाही, आणि पेट्रोलची वाहने अजून पुष्कळ वर्षे आपल्या घाटांतून जावयाची आहेत. शिवाय आपल्या सुशिक्षित समाजात काळ्या हातांच्या कामाकडे वरून पाहण्याची खोड अद्याप गेलेली नाही. ज्याने एकदा गाडीखाली पाठ टेकून तो शेवटचा बोल्ट आवळला आहे, तो मेकॅनिकच्या मजुरीबद्दल घासाघीस करताना दोनदा विचार करील. विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या गावातील एखाद्या गॅरेजात जाऊन, परवानगी घेऊन, काढलेली जुनी तबकडी हाती धरावी आणि वर सांगितलेल्या खुणा तिच्यावर शोधाव्यात. आढळेल ते वहीत लिहून शाळेत आणावे. पुढील वर्षी विज्ञानाच्या तासाला त्या नोंदी उपयोगी पडतील.